काचेतल्या गौरीचा खण

१

"आणि हा खण," अरुणा पर्यटकांना सांगत होती, "दीडशे वर्षांपूर्वी एका नवरीच्या बोचक्यातून बोटीने आला आणि इथेच, या नदीच्या काठावर उतरला. रंग बघा. पिकलेल्या जांभळाचा."

पर्यटकांनी काचेत डोकावून बघितलं. अरुणानेही बघितलं. खण हिरवा होता.

कुणी हरकत घेतली नाही. संग्रहालयात शिरलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा गाइडवर जास्त विश्वास ठेवतो. एका ऑस्ट्रेलियन आजोबांनी तर "सुंदर जांभळा" असं म्हणत हिरव्या खणाचा फोटोही काढला. अरुणाने त्यांचे आभार मानले, सगळ्यांना पुढच्या दालनाकडे पाठवलं आणि ती काचेला नाक लावून उभी राहिली.

अरुणा दातार सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत फसवणूक-तपासाच्या खात्यात होती. लोक किती बेमालूम खोटं बोलतात हे बाकीचे दिवस बघून झालं की उतारा म्हणून बुधवारच्या सुटीत ती या संग्रहालयात फुकट गाइडगिरी करायची. एकेकाळचं मिरी-सुपारीचं गोदाम, खाली नदी, नदीत पर्यटकांच्या होड्या. 'बरोबर आणलेलं' असं प्रदर्शनाचं नाव. एका चिनी हमालाची चिनीमातीची उशी, सुलावेसी बेटावरच्या एका बुगिस नावाड्याचं होकायंत्र, एका तमिळ गृहस्थाची अडकित्त्यासकट पानपेटी. माणसं घर सोडून समुद्र ओलांडताना काय उचलतात हे बघून अरुणाला दर वेळी तोंडात बोट घालावंसं वाटे. गाइडला ते शोभत नाही, म्हणून ती घालत नसे.

शेवटच्या काचपेटीत मराठी माणसांची वस्तू होती: पितळी झोपाळ्यावर बसलेली वीतभर उंचीची गौर आणि तिच्या पायाशी त्रिकोणी घडी घातलेला खण.

हिरव्या खणाची कड कातरलेली होती, नागमोडी. दुकानात ब्लाउजपीस कापायची जी दातेरी कात्री असते, तिची. दीडशे वर्षांपूर्वी ती कात्री नव्हती.

संचालक डॉ. लिम या शांत बाई होत्या. त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, "पेटी फोडलेली नाही. किल्ली एकच आहे. ती अदितीकडे असते."

२

अदितीच्या हातात गरम कोपीचा, म्हणजे इथल्या कडक कॉफीचा, कप होता आणि ती तो नुसता धरून बसली होती. डिसेंबरात लग्न झालेलं, बुकित पंजांगला भाड्याचा फ्लॅट. बँकेतली बरी नोकरी सोडून, घरच्यांची बोलणी खाऊन, ती या संग्रहालयात सहायक म्हणून लागली होती.

"अरुणाताई, मी नाही घेतला."

"तू घेतलास असं मी कुठे म्हणतेय?"

"तुम्ही नाही. पण शुक्रवारी विश्वस्तांची सभा आहे. तोवर खण मिळाला नाही तर पोलीस. आणि किल्ली माझ्याकडे. वर्क पास जाईलच, ते एक असो. पण ज्या मुलीच्या हातून वस्तू गेली तिला जगातलं कुठलं संग्रहालय परत दारात उभं करेल?"

उत्तर दोघींना माहीत होतं.

पेटी फक्त एकदाच उघडली होती. रविवारी. 'जिवंत वारसा' नावाच्या अनुदानासाठी संग्रहालयाने चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. जिवंत वारशाचे नियम चार पानी होते. आंब्याची डाळ आणि पन्हं दालनाबाहेर. ओटीचे भिजवलेले हरभरे प्लॅस्टिकच्या पिशवीत. गौरीला कुंकू लावायचं ते बोटाने नाही, कापसाच्या इअरबडने. सिंगापुरातल्या यच्चयावत पैठण्या रांगेत उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीने कान साफ करावा तसं देवीला कुंकू लावलं.

"तू कुठे होतीस?"

"पेटीशीच. पहिल्या बाईपासून शेवटच्यापर्यंत. पाणी प्यायलासुद्धा हलले नाही."

"नजर?"

"पेटीवरच. शपथ घेऊन सांगते."

तपास-खात्यात अरुणा एक गोष्ट शिकली होती: गोत्यात आलेला खोटारडा माणूस नेहमी एखादी पळवाट उघडी ठेवतो. मध्ये फोन आला होता, मध्ये बाथरूमला गेले होते. ही मुलगी आपल्या हाताने सगळी दारं बंद करत होती. म्हणजे ती खरं बोलत होती आणि त्या खऱ्यामुळेच बुडणार होती.

डॉ. लिमनी अरुणाला शुक्रवारपर्यंत तपासाची मुभा दिली, एका अटीवर. काय नाहीसं झालंय ते कुणालाही सांगायचं नाही.

"मग विचारायचं काय?"

"साधारण विचारा," डॉ. लिम म्हणाल्या. "आणि 'नाहीसं' म्हणू नका. 'सध्या अन्यत्र' म्हणा."

३

सुरक्षारक्षक मिस्टर ओंग यांनी रोजची तपासणी चोख केली होती. रविवारी रात्री, सोमवारी संग्रहालय बंद असताना आणि मंगळवारीही.

"क्लॉथ हॅव, स्टॅच्यू हॅव," ते सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "ऑल देअर, ला."

खरंच होतं. यादीत 'कापड' लिहिलं होतं आणि पेटीत कापड होतं. रविवारी पेटी बंद करताना अदितीनेही तीच यादी वाचून खूण केली होती.

कॅमेऱ्यातही सगळं होतं, फक्त मागून. पैठण्यांच्या पाठी, अंबाडे, गजरे. पेटीपुढे बाई आली की पेटी दिसेनाशी व्हायची, बाई गेली की दिसायची, आणि तेवढ्यात पुढची यायची. पायाशी असलेला खण तर झोपाळ्याच्या कठड्याआड.

मग अदितीने हातमोजे घालून पेटी उघडली. अरुणा खणाजवळ वाकली.

हिरवा खण टाकलेला नव्हता, ठेवलेला होता. त्रिकोणी घडी नीट, टोक गौरीकडे. टोकावर हळदीचा ठिपका आणि त्याच्या शेजारी कुंकवाचा. इअरबडचा ठिपका रेघ ओढल्यासारखा पडतो, गौरीच्या कपाळावर तशा रेघांची दाटी झाली होती. खणावरचे ठिपके मात्र गोल होते, कडेला पातळ, मध्ये दाट. बोटाचे. आणि झोपाळ्याच्या मागे, कुणाच्या लक्षातही न आलेला, एक हरभरा. त्याला मोड आला होता.

"रविवारचाच," अदिती म्हणाली. "भिजवलेला होता. अरुणाताई, ही कसली चोरी? चोर कशाला हळदकुंकू वाहील?"

"तेच म्हणते मी."

काचेबाहेर संध्याकाळचं ऊन नदीवर उतरलं होतं. ते काचेतून पितळी झोपाळ्यावर आलं आणि गौर क्षणभर उजळून निघाली. कुणीतरी या बाईला भेटायला आलं होतं. काही घेऊन गेलं होतं आणि बदल्यात रीतसर काही ठेवून गेलं होतं. अरुणाच्या अंगावर काटा आला. फसवणूक-तपासात तो कधी येत नाही.

४

संशयितांत पहिला नंबर शैलेंद्रचा लागत होता. शैलेंद्र मोठ्या हुद्द्यावरचा बँकर, जुनी वस्त्रं जमवायचा, आणि या खणासाठी त्याने मालकांना तीनदा गळ घातली होती. हळदीकुंकवाला पुरुषांना आमंत्रण नव्हतं, तरी रविवारी तो संग्रहालयासमोरच्या नदीकाठच्या बाकावर तासभर बसला होता. हे त्यानेच कबूल केलं, आपल्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत, एसीत ठेवलेल्या पटोला साड्यांकडे पाठ करून.

"बायकोला न्यायला गेलो होतो, वहिनी. बायका 'निघालोच' म्हणतात त्यानंतर तास लागतो. त्याला मी काय करू?"

"संग्रहालयाच्या सुरक्षेबद्दल साधारण विचारतेय मी."

"साधारण काही नसतं. तो खण गेलाय ना?"

अरुणा गप्प राहिली. अशा वेळी गप्प राहणं हेच उत्तर असतं हे दोघाही बँकवाल्यांना कळत होतं.

"त्या जागी काय ठेवलंय?" त्याने विचारलं.

"समजा, हिरवा."

शैलेंद्रचा चेहरा खरोखर दुखावला. "हिरवा? वहिनी, मी चोरला असता तर निदान रंग तरी जुळवला असता. हे बदली माल ठेवणं नव्हे. ज्याने ठेवला त्याला लपवायचंच नव्हतं काही."

संशयिताच्या तोंडचं असेना का, पण वाक्य लाखमोलाचं होतं. अरुणाने ते पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं.

दुसरे दीनानाथ पोतनीस. खण आणि गौर दोन्ही त्यांनी दिलेली. वय ऐंशी, निवृत्त अकाउंटंट, 'आम्ही इथले, चांगीला विमानतळ नव्हता तेव्हापासूनचे' हे वाक्य प्रत्येकाला एकदा ऐकवणारे. मुलगा पर्थला, सून ऑस्ट्रेलियन, सुनेला खण म्हणजे टेबलमॅट वाटला होता. म्हणून दीनानाथांनी तो संग्रहालयाला देऊन टाकला, सहीशिक्क्यासह.

"सुरक्षेबद्दल साधारण..." अरुणाने सुरुवात केली.

"उत्तम आहे. पत्रिकेवर माझं नाव मात्र बारीक छापलंय."

अरुणा त्यांच्या बायकोकडे वळली. "सविताकाकू, तुम्ही रविवारी गेला होतात ना? कुणी पेटीतून काही घेताना बघितलं?"

"तिने काही बघितलं नाही," दीनानाथ म्हणाले. "तिचे गुडघे दुखतात."

सविताकाकूंनी पन्ह्याचा पेला पुढे केला. "कुणी काही घेतलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांची नजर सरळ होती.

तिसरी प्रणिता, हळदीकुंकवाची संयोजक. तिचा मंगळवारी स्वतःच्या घरचाही कार्यक्रम झाला होता आणि दिवाणखान्यात अजून कलिंगडाच्या साली होत्या.

"कोण काय घेतंय ते बघायला वेळ होता का मला? शंभर ओट्या, अरुणा. संग्रहालयाच्या झाल्या, मग माझ्या घरच्या, तर ब्लाउजपीसच संपले. ग्रुपवर भीक मागितली, तुम्हाला आलेले असतील तर द्या म्हणून. तूही काल पळालीस लगेच, कलिंगडही न खाता."

"माझा कॉल होता."

"तुझा नेहमीच कॉल असतो."

आपल्या ओटीत आलेला ब्लाउजपीस कुणी उघडून बघत नाही. तो कपाटात जातो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या कुणाच्या ओटीत. एकदा पुण्यात विकत घेतलेला गुलाबी पॉलिस्टरचा तुकडा सिंगापुरातल्या सगळ्या मराठी घरांना भेटी देतो, त्याचं ब्लाउज कधीच होत नाही. त्याला इथल्या कायम वास्तव्याचा पी.आर. मिळायला हवा.

गुरुवारी संध्याकाळी अरुणाकडे तीन संशयित होते आणि तिघांचंही म्हणणं तिला खरं वाटत होतं. उद्या सभा होती.

५

रात्रीच्या जेवणाआधी तिने अदितीला फोन केला.

"तू नजर हलवली नाहीस म्हणतेस. आठव. कुणी पाया पडून घेतलं का तुझ्याकडून?"

"पाया?"

"नवी नवरी आहेस. मोठ्या बायका दिसल्या की वाकायचं, हे घरून शिकवलेलं असणार."

"वाकले की. पण कुणी पडू देत नाही हो. 'अगं, मला नको, मी काय म्हातारी दिसते का' म्हणून सगळ्या मागे सरकतात. प्रणिताताई तर जवळजवळ पळाल्या." अदिती थांबली. "फक्त सविताकाकूंनी घेतला नमस्कार."

"कसा?"

"नीट. डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला. खूप मोठा होता. मला वाटतं पूर्ण घराण्याचा दिला. मान दुखायला लागली माझी, पण वर कसं बघणार, हात काढलाच नव्हता त्यांनी."

अरुणाने डोळे मिटले. एक हात मुलीच्या डोक्यावर आणि दुसरा पेटीत. चार पानी नियमांत 'आशीर्वाद' हा शब्द नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती पोतनीसांकडे गेली तेव्हा दीनानाथ पेपर वाचत होते. अरुणा त्यांना नमस्कार करून सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"सविताकाकू," तिने विचारलं, "खण तुम्ही कुणाला दिलात?"

सविताकाकू कैरी किसत होत्या. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

"त्या मुलीला. किल्लीवाल्या."

"परवा मी विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कुणी घेतलं का. घेतला कुणी नाही. मी दिला." त्यांनी कैरीची कोय बाजूला ठेवली. "तो खण चैत्रात गौरीपुढे जुन्या सुनेने नव्या मुलीच्या ओटीत घालायचा, आणि गौरीला नवा ठेवायचा. मला माझ्या सासूबाईंनी असाच दिला. माझ्यापुढे ओटीला कुणी नाही. ह्यांनी काचेत ठेवायला दिला, मला न विचारता. मग मी म्हटलं, रोज त्याच्याजवळ जी मुलगी उभी राहते ती काय वाईट?"

"बोलला असतात तर?"

"बोलले असते तर ह्यांनी चर्चा केली असती. अठ्ठावन्न वर्षं मी चर्चा ऐकतेय."

"पण अदितीला माहीतच नाही तिच्याकडे खण आहे."

आता मात्र हात थांबला. "असं कसं? वरून गुलाबी पीस गुंडाळला, धूळ लागू नये म्हणून. 'नीट सांभाळ' म्हटलं मी तिला. 'हो काकू' म्हणाली की."

अरुणाला 'हो काकू'ची पूर्ण कल्पना होती. ती स्वतः तीस वर्षं ते म्हणत आली होती.

६

अदितीने फोन पहिल्याच रिंगला उचलला.

"गुलाबी? तो मी प्रणिताताईंना दिला. सोमवारी. त्यांनी ग्रुपवर मागितले होते ना. नारळ आणि हरभरे ठेवून घेतले फक्त." मग बारीक आवाजात, "उघडला नव्हता, ताई. कोण उघडतं?"

प्रणिताला आठवत होतं. "गुलाबी एकच होता, बाकी सगळे हिरवे-पिवळे. जरा जाड होता, मला वाटलं चांगल्या कापडाचा आहे, तर चांगल्या माणसाला द्यावा." ती थांबली. "अरुणा, तो तुलाच दिला मी."

अरुणाने टॅक्सी पकडली. फसवणूक-तपासाच्या अधिकाऱ्याने तीन घरं पालथी घातली होती आणि माल तीन रात्री स्वतःच्या कपाटात होता. ड्रायव्हरला तिने रेडिओ बंद करायला सांगितला, कारण लाजेला शांतता लागते.

कपाटाच्या तळाच्या कप्प्यात ब्लाउजपिसांचा ढीग होता, आणि सर्वांत वर गुलाबी. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग पलंगावर स्वच्छ चादर पसरून घडी उलगडली.

काचेआड तो कापड होता. इथे तो कुणीतरी होता. लवंगेचा आणि जुन्या लाकडाचा वास आधी आला, मग रंग. पिकलं जांभूळ म्हणणं हा गाइडचा आळशीपणा होता. खिडकीतलं ऊन पडलं तिथे त्यात तांबडा हलला, सावलीत तो जवळजवळ काळा झाला, आणि काठावरचा पिवळा इतक्या वर्षांनीही हळदीसारखा ताजा. चांदण्यांची बुट्टी इतकी बारीक, की विणणाऱ्याचे डोळे त्यातच गेले असणार.

आणि घडीच्या आत, प्रदर्शनात कधीच न दिसलेल्या बाजूला, रफू होतं. एका ठिकाणी नाही. जिथे जिथे घडी विरली होती तिथे तिथे, प्रत्येक वेळी वेगळ्या दोऱ्याने, वेगळ्या हाताने. एक टाका घाईचा. एक सरळ, शिस्तीचा. एक इतका नाजूक, की बोट फिरवलं तरच लागे. कुणीही कापून ब्लाउज शिवला नव्हता. प्रत्येकीने फक्त पुढच्या हातापर्यंत टिकेल एवढं केलं होतं.

अरुणा चादरीच्या कडेला जमिनीवर बसली. नदीतल्या होड्या, बंदर, बँका, काचेचे मनोरे, सगळं शहर या कापडाच्या नंतरचं होतं. तिच्या तोंडावर हात गेला. इथे गाइडला बघायला कुणी नव्हतं.

७

सभेआधी डॉ. लिमच्या खोलीत पाच माणसं आणि एक खण जमले. अरुणाने सगळं सांगितलं: बोटाचं कुंकू, मोडाचा हरभरा, लांबलेला आशीर्वाद, न उघडलेली ओटी. डॉ. लिम शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हणजे संग्रहालयाची वस्तू," त्या म्हणाल्या, "कर्मचाऱ्याच्या ताब्यात गेली, तिने ती दुसऱ्यांना दिली, आणि तिला ते कळलंही नाही. अरुणा, यातून तिची सुटका कशी होते ते मला दिसत नाही. विश्वस्तांना तर मुळीच दिसणार नाही."

अदिती खाली बघत होती.

"संग्रहालयाची कशी?" सविताकाकूंनी विचारलं. त्यांनी मराठीतच विचारलं आणि अरुणाने इंग्रजी केलं.

"तुमच्या यजमानांनी करारावर सही केलीय. मालक म्हणून."

"त्यांचा नव्हता तो. माझ्या सासूबाईंनी माझ्या ओटीत घातला. ह्यांच्या नाही. ह्यांना ओटी असते का?"

दीनानाथांनी तोंड उघडलं. ऐंशी वर्षांत बहुधा प्रथमच त्यातून काही आलं नाही. अकाउंटंट माणूस, दुसऱ्याची मालमत्ता आपल्या नावावर दाखवणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"स्त्रीधन," ते अखेर म्हणाले. "माझी सही चुकीची आहे, डॉ. लिम. मला तो द्यायचा अधिकार नव्हता. गौर द्यायचा होता. खणाचा नव्हता."

"मग मालक कोण?"

सगळ्यांनी अदितीकडे बघितलं. तिने आधी मागे वळून बघितलं, आपल्यामागे कोणी उभं आहे का ते.

डॉ. लिम हसल्या नाहीत, पण त्यांच्या चष्म्याखाली काहीतरी सैल झालं. माणसावर स्वतःचीच वस्तू चोरल्याचा आळ घेता येत नाही हे विश्वस्तांना एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. आणि प्रदर्शन अजून काही वर्षं चालायचं होतं.

"मिसेस अदिती," त्या म्हणाल्या, आणि संग्रहालयात तिला असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं, "आपला खण आम्हाला उसनवार द्याल का?"

अदितीने खणाकडे बघितलं. मग त्यातल्या रफूंकडे.

"देईन," ती म्हणाली. "पण घडी उलगडून ठेवायचा, रफू वर दिसेल असा. दर चैत्रात पेटी उघडायची. आणि इअरबड नको."

"इअरबड नको," डॉ. लिमनी मान्य केलं. "आजच्या सभेत मी सांगेन की तुमच्याशिवाय हे दालन चालणार नाही. ते खरंही आहे. आता फक्त पाटीवर पूर्वीच्या मालकांची नावं हवीत. मिस्टर पोतनीस, तुमच्याकडे घराण्याची वंशावळ आहे ना?"

"आहे," दीनानाथ म्हणाले. "सात पिढ्यांची. मी स्वतः तयार केलीय."

"त्यात नाहीत ती," सविताकाकू म्हणाल्या. "खण देताना माहेरची नावं सांगायची असतात. मी त्या दिवशी सगळी म्हटली हिच्या डोक्यावर हात ठेवून. ठकी. तिची सून सगुणी. तिची बायजा. मग चंपू. मग मी, नलू." त्या अदितीकडे वळल्या. "तुझं माहेरचं काय?"

"अदितीच. मी नाव बदललं नाही."

"बरं केलंस. सांगायला सोपं."

खाली नदीतून होडी गेली. तिच्या इंजिनाचा आवाज खोलीत येऊन विरला.

"चंपू कोण?" दीनानाथांनी विचारलं.

"तुमच्या आई."

"माझी आई लक्ष्मीबाई."

"ते या घरात आल्यावर. त्याआधी चंपू होत्या. मला सांगताना हसल्या होत्या, म्हणाल्या, या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही."

दीनानाथ खणाकडे बघत उभे राहिले. त्यातला एक टाका त्यांच्या आईचा होता आणि कुठला ते त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांचे ओठ हलले. आवाज न करता त्यांनी ते दोन अक्षरी नाव म्हणून बघितलं, ऐंशी वर्षांच्या मुलाने.

"पुन्हा सांग," ते बायकोला म्हणाले. "पहिल्यापासून. हळू सांग."

डॉ. लिमनी अरुणाकडे बघितलं, भाषांतरासाठी.

"नुसती नावं आहेत," अरुणा कुजबुजली. "ऐका."